काच भरलेला पाय

"लोकांच्या पायात काच गेली तर दवाखान्यात जाऊन काढून आणत्यात. आमच्याकडचे दवाखान्यात जाऊन भरून आले. धन्य हाय बाबा!"

बायडाबाई हे कुणा माणसाला म्हणत नव्हत्या. मेथीला म्हणत होत्या. पुढ्यात सूप, सुपात जुडी, आणि काडीगणिक एकेक वाक्य खुडून बाजूला पडत होतं. पण सिडकोतल्या घराचं स्वयंपाकघर ते केवढं! ओट्याशी डबा भरणारी सून आणि खाली बसलेली सासू यांच्यात फार तर दोन हात अंतर. मेथीला सांगितलेलं सुनेला नीट ऐकू जावं, तेवढ्याच बेतानं ते बांधलेलं होतं.

"बरं, भरली ती भरली," पुढची काडी आली. "वरीस उलटून गेलं. एवढ्यात वाळलेलं झाडबी पालवतं. ह्याचं लंगडणं काय जाईना."

"आई, मेथी आजच करायचीये ना?" उज्वलाने डब्याचं झाकण दाबलं. "का दसऱ्यापर्यंत खुडायची?"

"खुडते की. माझे काय हात लंगडेत?"

तेवढ्यात गॅलरीतून काठीचा आवाज आला. टक्, सरक. टक्, सरक. दोघीही गप्प झाल्या. त्या घराचा अलिखित नियमच होता तो. रंगनाथ जवळपास असला की त्याच्या पायाविषयी हवामानासारखं बोलायचं. आज कसं काय? आहे आपलं. बरं बरं. यापलीकडे कुणी जायचं नाही.

"आज कसं काय?" उज्वलाने विचारलं.

"आहे आपलं," रंगनाथ म्हणाला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. "डब्यात लोणचं घातलंस का? खाजाभाई विचारत असतो."

"घातलंय."

"बरं बरं," बायडाबाई मेथीला म्हणाल्या.

पाच वर्षांपूर्वी हाच रंगनाथ अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीत नावाजलेला होता. म्हणजे अंबडच्या ज्या गल्ल्यांत माणसं चहा पितानाही ड्रिल आणि कटरविषयीच बोलतात, त्या गल्ल्यांत. कारखान्यात लोखंड कापणारी हत्यारं कापून कापून बोथट होतात. ती महागामोलाची, फेकून देववत नाहीत. मग कुणीतरी त्यांना पुन्हा धार लावायची असते. ते कुणीतरी म्हणजे रंगनाथ. पत्र्याची शेड, दोन ग्राइंडर, खाजाभाई नावाचा जुना जोडीदार, आणि दारावर निळी पाटी: रंगनाथ टूल ग्राइंडिंग.

एका संध्याकाळी पाथर्डी फाट्याला मोटारसायकल घसरली आणि मागे बांधलेली कटरची पेटी त्याच्या नडगीवर आदळली. हाड मोडून कातडीबाहेर आलं. प्लेट बसली, हाड सांधलं, आणि सांधलेल्या हाडात पू झाला. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हे आलं हत्तीच्या पावलानं, आणि मग हत्तीसारखंच घरात बसून राहिलं. प्लेट काढली. हाड खरवडलं. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. जखम मिटायची, सगळे सुटकेचा श्वास टाकायचे, आणि महिन्याभरात नडगीवर पुन्हा टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडून पिवळं वाहायला लागायचं. मेलेल्या हाडाला रक्त पोचत नाही, रक्त नाही तिथे औषधही पोचत नाही, आणि जंतूंना याची बरोबर खबर असते.

इकडे शेड खाजाभाईवर पडली. खाजाभाई माणूस सोन्याचा. बिघडलेली मोटर त्याच्या नुसत्या शिव्यांनी सुरू व्हायची. पण धारेत त्याचा हात चालेना. कटर परत यायला लागले. पेट्याच्या पेट्या.

एका शुक्रवारी उज्वला त्याचा डबा घेऊन शेडवर गेली तेव्हा तो नमाजाला गेला होता. मशीनपाशी परत आलेले कटर पडले होते. तिने एक उचलला तो खरं तर डबा ठेवायला जागा करावी म्हणून. उचलला आणि तिच्या डोळ्यांना त्याचा कोन खुपला. वीस वर्षं रोज जेवताना रंगनाथ तिला कोण कसा कोन मारतो, कुणाचं धारेचं व्हील कुठे जाळतं, हे ताटातली भाजी गार होईपर्यंत सांगत आला होता. वीस वर्षं ती ज्याला कंटाळली होती, ते सगळं तिला पाठ झालं होतं.

पहिले सतरा कटर तिने भंगारातलेच घेतले आणि भंगारातच परत टाकले. कुणी शिकवणारं नव्हतं. रंगनाथला तापाने ग्लानी असायची आणि खाजाभाईला विचारून उपयोग नव्हता. मग तिने स्वतःच काही खुणा ठरवल्या. व्हील नीट लागत असलं की तेलात जिरं टाकल्यासारखा बारीक आवाज येतो. दाब जास्त झाला की कांदा करपायच्या आधी येतो तसा वास येतो. वास येईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, कांद्याला काय आणि कटरला काय. अठरावा कटर खाजाभाईने भिंगाखाली धरला, फिरवला, पुन्हा धरला.

"भाभी," तो म्हणाला, "ही धार तर शेठपेक्षा..."

आणि उरलेलं वाक्य त्याने चहाबरोबर गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गिअरच्या कारखान्यातली हत्यारांची टूलरूम सांभाळणारा कुंदन माल न्यायला आला. धार बघून म्हणाला, "शेठ उठले की काय?" आता समोर नायलॉनची साडी नेसून, दहावी शिकलेली उज्वला उभी. हिच्या हातात कुठला कारखाना आपला कटर देणार होता? खाजाभाईने क्षणभरही न अडखळता सांगितलं, "शेठ घरी बसून लावतात. छोटं मशीन घरी नेलंय."

झालं. खोटं बोलायला एक वाक्य पुरलं आणि चालवायला साडेचार वर्षं. पाटी तीच राहिली. लग्नकार्यात भेटलं कुणी की म्हणायचं, "पाय मोडल्यापासून रंगनाथशेठच्या धारेला जास्तच धार आलीये बुवा!" रंगनाथ हसायचा. उज्वला पंगतीत वाढायला निघून जायची. त्या दोघांतही हा विषय कधी निघाला नाही. घरात मशीन आहे असं सगळं अंबड मानत होतं, आणि घरात मशीन नाही हे घरातलं कुणी बोलत नव्हतं.

काचेचा विषय निघाला तो गेल्या वर्षी. गंगापूर रोडला डॉक्टर अफरीन म्हणून नव्या आल्या होत्या, वयाने लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी पाय पाहिला, फायलीची चळत पाहिली, आणि कागदावर नडगीचं चित्र काढलं.

"मेलेलं हाड सगळं काढायचं. मागे खड्डा राहील. तो मोकळा ठेवला तर जंतू पुन्हा घर करतील. म्हणून त्यात आपण काच भरायची."

"काच?" रंगनाथ खुर्चीतून अर्धा उठला.

"खिडकीची नाही हो काका. ही वेगळी असते, शरीरात हळूहळू विरघळणारी. विरघळताना ती आजूबाजूला क्षार सोडते. जंतूंना तो खारटपणा सोसवत नाही. आणि तिच्या अंगावर हाडाच्याच जातीचा थर धरतो. तिला छिद्रं असतात, त्या छिद्रांतून रक्तवाहिन्या शिरतात, मागून हाड शिरतं. काच जाते, हाड राहतं. हमी कुणीच देणार नाही, मीही देत नाही. पण जिथे नुसती औषधं थकलीत तिथे याचा उपयोग झालेला मी पाहिलाय."

रंगनाथने बायकोकडे पाहिलं. उज्वला चित्राकडे बघत होती.

"छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात का?" तिने विचारलं. "का प्रत्येक आपलं आपलं बंद?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जोडलेलीच हवीत. का हो?"

"नाही, आमचं ग्राइंडिंगचं व्हील असतं ना, त्यातही दाण्यांच्या मध्ये पोकळ्या असतात. दाणे धरून ठेवायला जे असतं तेही भट्टीत काचेसारखंच वितळलेलं. पोकळ्या असल्या की लोखंडाचा चुरा तिथे मावतो, पाणी खेळतं. त्या बुजल्या की व्हील भरतं, मग ते कापत नाही, जाळतं."

"तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

खोलीत पंखा फिरत होता. रंगनाथने मान वर करून त्याची तीनही पाती नीट मोजली.

"मी घरीच असते," उज्वला म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा पेन उचललं. "सोपं सांगायचं तर ही परांची आहे. बांधकामाला बांबूची परांची बांधतात ना, तशी. भिंत उभी राहिली की परांचीचं काम संपलं. फरक एवढाच, ही काढावी लागत नाही. आपली आपण निघून जाते."

ही उपमा उज्वलाला फार आवडली. त्या वेळी आवडली.

घरात मात्र काचेचं नाव काढताच आकाश कोसळलं. बायडाबाईंच्या घोटीकडच्या भावकीत भाताच्या खाचरात काच लागून पाय गमावलेला एक जण होताच, त्याला दिवसातून दोनदा आठवण्यात आलं. पण उज्वला हटली नाही. सहीच्या वेळी रंगनाथ तिला एवढंच म्हणाला, "तुला पटलंय ना?" ती म्हणाली, "पटलंय." त्याने सही केली. श्रावणात ऑपरेशन झालं. पू थांबला तो थांबलाच. दिवाळीला जखम कोरडी होती, संक्रांतीला कातडी धरली, आणि जूनमध्ये डॉक्टर अफरीन एक्स-रे उजेडाला धरून लहान मुलीसारख्या हसल्या.

"बघा, कडा मिळाल्या. काच थोडी दिसतेय अजून, दिसू दे, ती तिचं करील. काका, काठी टाका. चाला, उभे राहा, मांडी घाला. कामावर जा."

रिक्षातून येताना दोघे मुंबई नाक्याच्या गर्दीविषयी बोलले. पूल बांधूनही गर्दी कशी ती हटत नाही, यावर दोघांचं एकमत झालं. फाईल कपाटात वरच्या फळीवर, गोधड्यांच्या खाली गेली. आणि रंगनाथ काठी टेकत जिना चढला.

त्याच रात्री जेवताना बायडाबाईंनी सुनेच्या भातावर तुपाची धार धरली. एरवी त्यांचा हात तुपाला आखडता. "माणूस पडला म्हणून बाई उभी राह्यली," त्या म्हणाल्या. "लय मोठं काम केलंस बाई. दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती. आता माणूस उभा राह्यला की तूबी जरा बसशील. शेडात जाऊन हाताची कातडी गेली तुझी."

त्या प्रेमानेच म्हणत होत्या, तिथेच तर सगळी अडचण होती. उज्वलाला ती परांची आठवली. भिंत उभी राहिली की आपली आपण निघून जाणारी.

आता तिच्या मनातलं खरं सांगायचं तर ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिला ते मशीन हवं होतं. सकाळी शेडचं शटर वर करतानाचा तो खडखडाट, नवं व्हील बोटावर तोलून लाकडी मुठीने हलकं ठोकल्यावर येणारा स्वच्छ आवाज, भिंगाखाली दिसणारी केसाएवढी उजळ रेघ. छत्तीस वर्षं 'अगं जरा हे धर' यापलीकडे तिला कुणी काही सोपवलं नव्हतं, आणि पुढची पाच वर्षं लोखंड तिचं ऐकत होतं. नवरा उभा राहिला की तिने डबा घेऊन जायचं आणि रिकामा डबा घेऊन यायचं, असा साधा हिशेब होता. ज्याच्या पायासाठी तिने कालिकेपुढे चार नवरात्रं रांग लावली, तो पाय बरा झाला होता. या वर्षी ती रांगेत उभी राहिली, नंबर आला, हात जोडले, आणि काय मागावं तेच तिला सुचेना. मागची बाई ढोसत होती. "ठीक आहे," उज्वला देवीला म्हणाली आणि पुढे सरकली.

म्हणून तिला रंगनाथचं लंगडणं बरं वाटायचं. आणि बरं वाटतं म्हणून स्वतःची लाजही वाटायची.

सप्टेंबरात एकदा ती त्याच्या चपला घेऊन खाली बसली. अंगठा निघाला होता, शिवून आणू म्हणून. चपला उलट्या केल्या आणि तिचा हात थांबला. झिजलेल्या हत्यारावरून मशीन कोण कसं चालवतो हे ओळखणं, हेच तर तिचं रोजचं काम. पाय आजारी होता तेव्हा डाव्या चपलेची टाच कोरी राहायची आणि उजवी कडेने खाल्ली जायची. आता दोन्ही टाचा सारख्या झिजल्या होत्या. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून, रोज बरंच अंतर चालणाऱ्या माणसाच्या चपला होत्या त्या. ज्याने आयुष्यभर हत्यारांची झीज वाचली, त्याच माणसाने लंगडायचं सोंग घेताना आपल्या चपला पाहू नयेत, याला काय म्हणावं?

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. हल्ली घरी दुपारच्या भाकरी पातळ कडेच्या का असतात? बायडाबाईंच्या भाकरीला काठ जाड यायचा. भाकरी ओट्याशी उभं राहून थापावी लागते, अन् बायडाबाईंचे गुडघे अर्धा तास उभे राहू देत नाहीत. म्हणजे उज्वला शेडवर गेली की मुलगा उभा राहून भाकरी थापत होता आणि आई त्याच्याशी गप्पा मारत बसत होती. संध्याकाळी विचारलं की, "मीच केल्या," म्हणायची. म्हातारीला तरी काय, पन्नाशीचा लेक पाच वर्षं दिवसभर घरात मिळाला होता. तिचं कुरकुरणंही मेथीपुरतंच होतं. मनातून तिलाही तो शेडवर जायला नकोच होता.

उज्वलाने चपला चांभाराकडे नेल्या आणि सांगितलं, "दोन्हींना नवे तळ लाव." पुरावा तिने स्वतःच्या हाताने बुजवला.

तरी एक कोडं तिला सुटेना. याला आराम गोड लागला म्हणावं, तर हा आरामाचा माणूस नव्हे. मग का लंगडतो?

त्याचं उत्तर तिला एका सोमवारी शेडमध्ये सापडलं. आदल्या दिवशी रविवार, शेड बंद. रंगनाथ 'जरा फिरून येतो' म्हणून गेला होता तो तीन तासांनी आला होता. सोमवारी तिने मशीनवरचं कापड काढलं आणि तिच्या लक्षात आलं, घडी वेगळी आहे. भंगाराच्या डब्यात चिंध्यांखाली कुंदनच्या मालातले तीन कटर होते. तिन्हींचीही टोकं जळून निळी पडली होती. शेवटाला दाब वाढवायचा, ही एकाच माणसाची जुनी सवय. पूर्वी तो ती सवय वेगाने झाकून न्यायचा. आता वेग राहिला नव्हता, सवय तेवढी राहिली होती.

ती ते कटर हातात घेऊन तशीच स्टुलावर बसली. तो आला होता. एकटा, चालत. मशीनसमोर उभा राहिला होता. एकदा करून पाहिलं, दोनदा, तिसऱ्यांदा. मग जळकं चिंध्यांखाली लपवून, कापड झाकून, कुलूप लावून परत गेला होता. आणि दारातून आत येताना काठी टेकायला लागला होता. तिने आनंदाने नाचावं अशीच गोष्ट होती ती. तिच्या डोळ्यांना मात्र पाणी आलं.

खाजाभाई दारात उभा होता. त्याने कटर पाहिले, तिच्याकडे पाहिलं.

"उंदीर फार झालेत शेडमध्ये," तो म्हणाला. "औषध आणतो."

तिने तिन्ही कटर नीट केले आणि मालात मिसळून दिले. घरी गेल्यावर विचारलं, "आज कसं काय?" "आहे आपलं," तो म्हणाला. "बरं बरं," आतून बायडाबाई म्हणाल्या.

आणि मग आली खंडेनवमी. अंबडमधल्या झाडून सगळ्या शेडमध्ये त्या दिवशी मशीनं बंद असतात. धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा पडतात, आणि मशीनचा जो धनी, तो पाटावर मांडी घालून पूजेला बसतो. गेली चार वर्षं रंगनाथ खुर्चीवरच बसायचा, पाय समोर लांबवून, आणि वरूनच फुलं टाकायचा. या वर्षी बायडाबाई स्वतः रिक्षाने आल्या. त्यांनी मशीनसमोर पाट मांडला. खाजाभाईने पाटाशेजारी खुर्ची आणून ठेवली. पाट आणि खुर्ची एकमेकांशेजारी, आणि कुणीच बोलेना की बसायचं कशावर.

उज्वला समईत तेल घालत होती. तेल भरून सांडायला आलं तरी घालतच होती.

रंगनाथ आत आला. काठी दाराशी उभी केली. खुर्चीकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. मग खाली वाकला आणि पाटावर बसला. डावा पाय दुमडला, उजवा त्यावर घेतला. चांगली घट्ट मांडी घातली, कुठे हात टेकला नाही, कुठे विव्हळला नाही.

सगळ्यांनी पाहिलं. आणि सगळे लगेच झेंडूच्या माळांकडे पाहायला लागले.

पूजा झाली. नारळ फुटला. आरती संपता संपता दारातून कुंदन आला, कपाळाला आपल्या कारखान्यातल्या पूजेचा नाम, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"अरे वा! शेठ मांडी घालून!" तो दारातूनच ओरडला. "वहिनी, पेढे कुठायत? कुणी एका शब्दानं सांगितलं नाही ना राव!"

"खोबरं घ्या," उज्वला म्हणाली.

कुंदनने खोबरं तोंडात टाकलं आणि फडकं सोडलं. आत हाताच्या पंजाएवढा गिअर कटर होता. परदेशी, जपून वापरलेला. "साहेब कुणाकडं द्यायला तयार नव्हते याला. मी म्हटलं, आमचे शेठ आहेत. आजचा दिवस देवाचा, मशीनला हात लावायचा नाही, ठाऊक आहे मला. पण उद्या दसरा. उद्याचं पहिलं काम हे. अहो, घरी बसून लावता तर अशी धार असते, उद्या उभं राहून लावाल तर काय होईल! तुमच्या हातची पाहिजे, शेठ. साहेबांना शब्द देऊन आलोय."

खाजाभाई फुटलेला नारळ पुन्हा फोडायला बसला. बायडाबाईंनी मशीनवरची सरळ असलेली माळ आणखी सरळ केली.

उज्वलाला वाटलं, आपणच काहीतरी बोलावं. उद्या पहाटे लवकर येऊन धार लावून ठेवता येईल. हे नुसते शेजारी उभे राहतील. आजवर निभावलं तसं आणखी पाच वर्षं निभावेल. खोट्याला काही कमी पडलं नव्हतं, घर त्याच्यावर झकास चाललं होतं.

"ठेवा ना भाऊ," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच बारीक वाटला. "उद्या लावतील की हे."

रंगनाथ पाटावरून उठला. कटर त्याने कुंदनच्या हातातून घेतला, उजेडाला धरला, सावकाश फिरवला. एकेका दातावरून त्याची नजर गेली. या बाबतीत तो अजून पक्का होता. धार ओळखण्यात त्याच्या डोळ्यांना काहीच झालं नव्हतं. मग त्याने तो मशीनवर ठेवला नाही. उज्वलाचा हात धरून तिच्या तळव्यावर ठेवला.

"कुंदनभाऊ, घरी मशीन नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हतं."

कुंदन हसला. कुणीच हसलं नाही म्हणून मग थांबला.

"आणि पाय माझा जूनमध्येच बरा झालाय. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, कामाला जा."

"रंगा," बायडाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "देवापुढं काय बोलतोस, सणासुदीचं..."

"देवापुढंच बोलतोय, आई." त्याचा आवाज चढला नव्हता. उलट 'आज कसं काय' विचारल्यावर उत्तर देताना असायचा तसाच साधा होता. "लंगडा माणूस मशीनवर का उभा राहत नाही, असं कुणी विचारत नाही. म्हणून लंगडत होतो. मागच्या महिन्यात गुपचूप येऊन उभा राहून पाहिलं. तीन कटर जाळले. पुढच्या रविवारी पाहिलं तर डब्यात नव्हते; हिने ते नीट करून पाठवले, तुम्ही ते नेले, आणि वर माझी तारीफ करून गेलात."

कुंदन एकदा पाटीकडे आणि एकदा उज्वलाच्या हाताकडे बघत राहिला.

"पाच वर्षं तुम्ही जी धार नेताय ती हिची आहे," रंगनाथ म्हणाला. "आणि माझा पाय धडधाकट होता ना, तेव्हाही माझी धार इतकी चांगली नव्हती."